‘दिवे सांग, अम्मा’

रायर किल्ली फिरवायचे आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे. “दिवे सांग, अम्मा.” मग चाकामागच्या तबकडीवरचे दोन बारके दिवे बघत शाळेतल्या पोरीसारखी मी म्हणायची, “तांबडा लागला. हिरवा लागला.” इंजिन सुरू झालं की पुन्हा, “आतां?” “दोन्ही गेले.” एवढी हजेरी झाल्याशिवाय त्यांची ती जुनी काळी मोटार फाटकाबाहेर पडत नसे.

लग्न होऊन मी पुण्याहून मद्रासला आले, तेव्हा सैदापेटेत रायरांच्या घरी वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. ‘आम्ही’ म्हणायचं आपलं. ह्यांची नोकरी फिरतीची, महिन्याचे वीस दिवस मी एकटी. तमिळ कळेना, शेजारणी हसून दार लावून घ्यायच्या. रायर तंजावरकडचे मराठी, कचेरीतून निवृत्त झालेले, तिकडच्या रीतीने पोरीबाळींनाही ‘अम्मा’ म्हणणारे. बायको गेलेली, एकुलता एक मुलगा दिल्लीला.

“जेवण जाहलें कीं?” असं ते विचारायचे, बखरीतून उठून आल्यासारखे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. महिन्याभरात त्याच प्रश्नासाठी मी जिन्यात ताटकळू लागले. दुसरं कोण होतं मला विचारायला?

दर रविवारी सकाळी ते मला गिंडीच्या रिकाम्या रस्त्यांवर मोटार शिकवायला न्यायचे. शिकवायचे कसले! चाक स्वतःच धरायचे, मी नुसते दिवे वाचायचे. “तांबडा पेटला तर बॅटरी भरत नाही. दिवसाउजेडीं घर गाठतां येतें. हिरवा पेटला तर इंजिनांत तेल नाही. मग कितीही घाई असो, तिथेंच थांबावें.” हे मला इतकं पाठ झालं होतं की भाजी चिरतानासुद्धा आठवायचं.

एका रविवारी कॉफीच्या बिया घ्यायला आम्ही जॉर्ज टाउनला निघालो. रायर बायकोच्या आवडीनिवडी सांगत होते, आणि समोर हिरवा दिवा पेटला. मला वाटलं, थांबतील आता. थांबेनात. दिव्याकडे बघतसुद्धा होते की ते!

“रायर, हिरवा!”

हातगाड्यांच्या गर्दीत त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. मागून शिव्यांचा पाऊस. त्यांनी हळूच विचारलं, “केव्हांपासून?”

“तुम्हाला दिसला नाही?” मी विचारलं.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, अम्मा. बस दिसते, माणूस दिसतो. हे दिवे दिसत नाहीत.” मग म्हणाले, “मुलास कळवूं नको. तो गाडी विकील, मला घेऊन जाईल. तिथें मी कोणाशीं बोलूं?”

मी कबूल झाले. त्यांची दया आली म्हणून, असं सांगितलं तर खोटं होईल. ते गेले तर जिन्यात माझ्याशी कोण बोलणार, हेच माझ्या मनात होतं. दोन रविवार मी तोंड मिटून दिवे वाचले.

तिसऱ्या रविवारी गिंडीत एक सायकलवाला आमच्यापुढून जेमतेम सुटला आणि गटारात पडला. लागलं नाही बिचाऱ्याला. उठून सांडलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण शोधत बसला. “काय जाहलें? कोण ओरडलें?” रायर विचारत होते. माणूस दिसतो म्हणाले होते ना!

मुलाला त्यांची पत्रं मीच लिहून द्यायची. त्या आठवड्यात ‘सर्व क्षेम’च्या खाली मी माझ्या दोन ओळी घातल्या आणि पाकीट चिकटवलं. टपालपेटीपाशी किती वेळ उभी होते, कुणास ठाऊक.

मुलगा आला. गाडी विकली, सामान बांधलं. निघताना रायर जिन्याशी थांबले. माझी वर बघायची हिंमत होईना. “मींच शिकविलें कीं,” ते म्हणाले, “हिरवा लागला तर थांबवावें.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो खांद्यावर पडला.

चारेक महिन्यांनी दिल्लीहून कार्ड आलं. अक्षर त्यांचंच, मोठं आणि वाकडं. “शस्त्रक्रिया जाहली. आतां जाड भिंगांतून घड्याळाचा लहान कांटाही दिसतो. दिवसभर तोच पाहतों. तुझें जेवण जाहलें कीं?”

ते कार्ड हातात घेऊन मी जिन्यात बसले आणि मोठ्याने म्हणाले, “जाहलें, रायर.” खालच्या खोलीला कुलूप होतं.