कांचनचा जपानी कलश

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात सुनेत्राताईंना कोणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. नव्या सुनांना नऊवारी नेसवायची ती त्यांनी, गणपतीच्या नाटकात पोरांना मिशा चिकटवायच्या त्याही त्यांनीच. आत मात्र एक निखारा होता, आणि ताई त्याला रोज फुंकर घालत.

२००२च्या गणपतीत ताई नाटकाच्या नायिका होत्या. तिसऱ्या अंकात ऐन रंगात वाक्य निसटलं. विंगेत मंडळातलीच कांचन प्रॉम्प्ट करायला संहिता घेऊन उभी होती. ताईंनी मान जराशी कलती करून तिच्याकडे पाहिलं. कांचननेही पाहिलं, आणि संहिता मिटून छातीशी धरली. भरल्या सभागृहासमोर शब्द न सापडणं काय असतं, हे सोसलेल्यालाच कळतं. पायाखालची फळीसुद्धा परकी होते. शेवटी पडदा पाडावा लागला. जेवणाच्या रांगेत कांचन हळहळत सांगत होती की ताईंचं आता वय झालं, पुढच्या वर्षीची नायिका बहुतेक तिलाच करावी लागणार. आणि तिने केलीही.

तीन वर्षांनी कांचनने नवं घर बांधलं. सजावट सगळी जपानी, हाताने घडवलेली हवी होती. पण ह्यूस्टनच्या फ्रीवेवर गाडी घालायला ती घाबरायची, म्हणून तिने ताईंना फोन केला. ताई लगेच हो म्हणाल्या.

दुकान एका वयस्क जपानी बाईंचं होतं. बांबूचे दिवे, कागदी पडदे, निळीत रंगवलेली कापडं. कांचन नजरेने खरेदी करायची. वस्तूखालच्या चिठ्ठ्या वाचणं तिला कमीपणाचं वाटे. मागच्या शांत फडताळात झाकणाचं एक निळं भांडं होतं, अंगावर सोनेरी फुलं.

"वास्तुशांतीला कलश हाच," ती म्हणाली. "तांब्याबिंब्या शोभणार नाही, ताई, या घराला."

ताईंनी चिठ्ठी वाचली. स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं की भांडं दिवंगतांच्या अस्थी ठेवण्यासाठी आहे. वाक्य ओठांपर्यंत आलं. ताईंनी ते गिळलं, आणि चिठ्ठी होती तिथेच नीट ठेवली.

मालकीणबाईंनी भांडं पांढऱ्या कापडात बांधलं, कमरेत खोल वाकल्या आणि फार वाईट वाटल्याचं पुटपुटल्या. इतकी सुंदर वस्तू हातची जातेय म्हणून बिचारीला वाईट वाटतंय, असं कांचनने गाडीत कौतुकाने सांगितलं. दुकानात तीही तशीच वाकली होती.

वास्तुशांतीला सगळं मंडळ लोटलं. एरवी आयटीत असणारे गुरुजी सोवळं नेसून बसले होते. निळ्या भांड्यात पाणी, वर आंब्याची पानं, नारळ. कांचनच्या नवऱ्याच्या, राजेशच्या, ऑफिसातले जपानी सहकारी मोरिता आले, पूजेकडे पाहून दारातच थबकले. हात जोडून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, घरातलं कोण गेलं?

कांचन हसली. हे शुभकार्याचं भांडं आहे, असं समजावू लागली. मोरिता ओशाळले, पण खरं ते त्यांनी सांगितलं. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. कांचनचं तोंड उघडं राहिलं आणि शब्द सापडेना. तिने ताईंकडे पाहिलं.

ताई उठल्या. मागच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज अजून शाबूत होता.

"अस्थिकलश, कांचन. मी प्रॉम्प्ट करते, तू नुसतं म्हण. अस्थिकलश."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी नारळ उतरवला आणि दुसरं भांडं मागितलं. स्वयंपाकघरातून स्टीलचं पातेलं आलं, पूजा पहिल्यापासून सुरू झाली.

कांचनने ताईंना पँट्रीत गाठलं. "तुम्हाला दुकानातच माहीत होतं?"

"होतं," ताई म्हणाल्या. "तुझ्याही हातात संहिता होती."

त्यानंतरच्या गणपतीत ताईंना मिशा चिकटवायलाही कोणी बोलावलं नाही, आणि ताईंनी ते आधीच गृहीत धरलं होतं. त्या दुपारी मात्र त्यांनी अवघडून बसलेल्या मोरितांना शेजारी बसवून आग्रहाने श्रीखंड वाढलं, आणि स्वतःही पुन्हा मागून घेतलं.