भासऱ्यांचा पाना

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, लग्नाला अकरा वर्षं झाली तरी माझ्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. आमच्याकडे भासरा अन् भावसून एकमेकांशी बोलत नाहीत. मी समोर उभी असले तरी ते सासूला म्हणायचे, "तिले सांग, गाईले पानी दाखव." मग सासू माझ्याकडे वळायची, "ऐकलं ना वो?" ऐकलं तर होतंच, मी काही बहिरी नव्हते! पण मान हलवायची अन् गाईकडे जायचं.

नवरा नागपुरात बांधकामावर असतो. बोदलकसाच्या तलावापलीकडे मुलींचं वसतिगृह आहे, तिथं मी सकाळचा स्वयंपाक करते. साडेसहाला शेगडी पेटली पाहिजे, अन् आमच्या गावातून पहिली बस निघते नऊला. म्हणून सायकल. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली, माझी.

मागच्या पावसाळ्यात तिचं हँडल कटकट वाजायला लागलं. आमच्या गावात यावर एकच इलाज, जुन्या ट्यूबची पट्टी कापायची अन् हँडलखाली जिथून आवाज येतो तिथं घट्ट गुंडाळायची. अर्ध्या गावाच्या सायकलींना ती काळी पट्टी आहे. मीही बांधली. आवाज बंद झाला, मी खूश. केवढा शहाणपणा तो!

दिवाळीनंतर एका सकाळी तलावाच्या उंच पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना पुढचा ब्रेक दाबला, तर हँडल असं थडथड हललं की मी सायकलसकट धानाच्या बांदीत, चिखलाच्या खाचरात. गुडघा सोलला, डबा चिखलात. घरी लंगडत आले तर भासरे अंगणातच होते. त्यांनी सायकलीकडे दुरूनच पाहिलं, हातसुद्धा लावला नाही, अन् सासूला म्हणाले, "चिमटा गेला तिचा. परवा भंगारवाला येते, देऊन टाक म्हना. बाईमानसानं कायले सायकल पाहिजे? पडन एखाद्या दिवशी ट्रकखाली."

सासू वळली. मी मान हलवली नाही. एवढंच केलं त्या दिवशी.

वसतिगृहात फोन केला. तिथली मोठी स्वयंपाकीण म्हणाली, "उद्याची सुट्टी घे. परवापासून नाही जमलं तर सांग, मी दुसरी बाई पाहते." तिचं काय चुकलं? पन्नास पोरी उपाशी ठेवायच्या का? पण माझं काय? सायकल गेली की काम गेलं, अन् काम गेलं की मी पुन्हा दिवसभर "तिले सांग" ऐकत घरात.

दुसऱ्या दिवशी सायकल अंगणात मधोमध उभी केली. सगळ्यांना दिसू दे म्हटलं. आधी हँडलचा वरचा बोल्ट आवळला. काही फरक नाही. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, वरून खालून चाचपला, कुठं वाकलेला नव्हता, तडा नव्हता. मग रागाच्या भरात ती रबराची पट्टी ओरबाडून काढली. पुढचा ब्रेक गच्च दाबला अन् सायकल मागेपुढे ढकलली. ठक. ठक. पट्टी होती त्या जागी बोट ठेवलं, तर तिथली लोखंडी वाटी बोटाखाली सरकत होती. अगा बाप्पा! चिमटा धडधाकट होता. ज्या वाटीत छर्रे फिरतात अन् हँडल वळतं, ती वाटीच ढिली झाली होती. महिनोन्‌महिने ती ओरडून सांगू पाहत होती अन् मीच तिच्या तोंडाला पट्टी बांधली.

वाटीच्या वरचा नट मोठा. तेवढा पाना घरात एकच, भासऱ्यांच्या पाण्याच्या इंजिनाचा, त्यांच्या खुंटीला टांगलेला. विचारायचं तर कोणामार्फत? मी सरळ जाऊन काढला.

"अवो, त्याचा पाना हाय तो," सासू म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं.

हँडल उपसून काढलं, नट काढला, वाटी फिरवून वर घेतली. छर्रे परातीत सांडले, कोरडे ठाक, चिखलानं माखलेले. डिझेलमध्ये धुतले, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून ग्रीस आणलं, एकेक परत बसवला. वाटी आवळली तर हँडल वळेच ना, इतकं जड. थोडी सैल केली. आता नट आवळू गेले की नटाबरोबर वाटीही फिरायची, पुन्हा सगळं बिघडायचं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा तर पाना फेकूनच दिला अन् रडू आलं.

सासू उठली, चुलीजवळची सांडशी घेऊन आली अन् वाटी सांडशीत पकडून बसली. "आवळ आता. अन् सांडशी मोडली तं नवी आनून देजो."

तिनं दात आवळून वाटी धरली, मी नट आवळला. चाक उचलून पाहिलं, हँडल आपल्या वजनानं हलकं एका बाजूला वळलं. ब्रेक दाबून ढकललं, ठक नाही.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला भल्या पहाटेच आला, तेव्हा मी सायकलवर बसलेलीच होते. त्याच्या तराजूजवळून तिला पाळीवर नेली, उतारावर सोडली अन् खाली पुढचा ब्रेक करकचून दाबला. हँडल जराही हललं नाही. तशीच वसतिगृहात गेले. पाना मात्र आदल्या दिवशीच धुऊन पुसून खुंटीला लावला होता.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी भासरे आपली सायकल घेऊन अंगणात आले. हँडलखाली काळी पट्टी, हातात तोच पाना. सासूला म्हणाले, "तिले सांग, थोडं पाहून दे म्हना."

सासू वळू लागली. मी म्हटलं, "आई, तुमी बसा. मी काही गावाले नाही गेली. ज्यायची सायकल आहे त्यायनं मले सांगावं."

सासूनं पदर तोंडाला लावला. भासऱ्यांनी सायकल स्टँडवर लावली. मग पुढच्या चाकाकडे पाहत म्हणाले, "हँडल ढिलं झालं. पाहून दे... तू."

अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. मी हात पुढे केला.

"पाना इकडं द्या," मी म्हटलं, "अन् सांडशी तुमी धरा."