लाटेचं क्षेत्रफळ

ओव्हरसिअरच्या परीक्षेत मी पास झालो तो कसाऱ्याच्या फलाटावर भेटलेल्या एका बाईंमुळे. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

माझी शाळा लवकर सुटलेली, घर दूर रत्नागिरीकडे. घाटरस्त्याच्या कामावर मी मुकादम होतो, आणि नापास झालो असतो तर जन्मभर मुकादमच राहिलो असतो.

गाडीला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिन जोडेपर्यंत बाई बाकावर शेंगा सोलत बसल्या होत्या. न विचारताच त्या शेजारी बसलेल्या माझ्या गणिताच्या पुस्तकात डोकावल्या. साइनच्या एका पूर्ण लाटेचं क्षेत्रफळ काढायचं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदम इंटिग्रेशन केलं की माझं उत्तर शून्य यायचं.

"तुमी काम काय करता?"

"मुरूम खणून घेतो, भराव घालून घेतो."

"टेकाड खणलंत नि त्याच मातीनं खड्डा भरलात. मग मजुरांना सांगाल का, काम शून्य झालं?"

"मारतील मला, बाई!"

"मग लाट मधोमध तोडा. वरचे दोन, खालचेपण दोनच धरा, मिळून चार. उणं म्हंजे काय नाय, नुसती खालची बाजू."

टरफलं पदरात गोळा करून त्या डब्यात चढल्या.

परीक्षेत तसंच गणित आलं. आता माझी बदली कुठंही होवो, त्या बाई पुन्हा भेटल्या की मी बांधलेल्या रस्त्यावरून त्यांना एकदा मोटारीनं नेणार आहे.