खाडीकडचा व्हॉल्व्ह

नव्वदीच्या सुरुवातीची काही वर्षं मी सचिन नावाच्या गुजराती गावातल्या एका डाइंग मिलमध्ये पाणी साफ करायच्या प्लांटवर ऑपरेटर होतो. साड्या रंगवून उरलेलं पाणी माझ्या टाक्यांत यायचं. त्यात चुना-तुरटी टाकायची, ब्लोअरनं हवा सोडायची, गाळ बसला की वरचं पाणी भिंतीमागच्या खाडीत सोडायचं, असा नियम होता. पण ब्लोअर चालायचा तो फक्त तपासणीला कोणी येणार असलं की. एरवी सुपरवायझर म्हणायचा, "खोल दे, भाई." एक व्हॉल्व्ह फिरवला की कच्चं पाणी थेट खाडीत. तो फिरवणारा मीच.

शेजारच्या गावातली एक बाई ओहोटीला त्या खाडीत उतरायची. चिखलावर उड्या मारणारे बोटाएवढे मासे असतात, तिकडे त्यांना लेवटा म्हणतात. ते ती हातानं धरायची आणि बाजारात विकायची. उतरण्याआधी भिंतीशी येऊन मला पाणी कसं आहे ते विचारायची, "भाई, आजे पाणी केवुं छे?" व्हॉल्व्ह उघडायचा असला की मी तिला नको म्हणून खूण करायचो. तेवढ्यानं मला वाटायचं, आपण काही फार वाईट करत नाही.

एका दुपारी टाक्या काठोकाठ भरल्या. सुपरवायझर स्वतः येऊन उभा राहिला आणि मी व्हॉल्व्ह उघडला. पाणी पाइपातून खाडीत पोचायच्या आतच ती आली, नेहमीसारखं विचारलं. सुपरवायझर माझ्या पाठीशीच होता. मी म्हणालो, "चांगलं आहे."

ती गुडघाभर चिखलात असताना जांभळं पाणी आलं. मी भिंतीवरून पाहत होतो. लेवटे बिळांतून भराभर वर आले, तोंडं उघडी टाकून पडले. खेकडे काठावर चढू लागले. ती धडपडत बाहेर आली तेव्हा तिच्या पोटऱ्या लाल झाल्या होत्या. वर न बघता ती निघून गेली.

डिंडोलीला घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले सांगी द्या. तिना घर जाईसन सांगा."

रविवारी गेलो. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती, पोटऱ्यांना हळद लावलेली. मी म्हणालो, "मला माहीत होतं, बेन. मीच सोडलं होतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तो पछी पूछ्युं त्यारे बोल्यो केम नहीं?" विचारलं तेव्हाच मी का बोललो नाही, तेवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मिलमध्ये आमच्या रंगखात्यात बीडकडचे एक काका होते. वयानं मोठे, शब्दाला वजन असलेले. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, पाप तुझं एकट्याचं नाही. उरलेला रंग रोज मीच गटारात ओततो." मग त्यांनीच तोड काढली. उरलेले रंग ड्रममध्ये एकत्र साठवायचे आणि मिसळून काळपट झाले की काळ्या छपाईला वापरायचे. तेवढा रंग टाकीत कमी येईल आणि प्लांटला पाणी झेपेल. आम्ही दोघं शेठकडे गेलो. काका म्हणाले, "शेठ, करून बघा. नाही जमलं तर मला काढा." आणि मी म्हणालो, "यापुढे तो व्हॉल्व्ह मी उघडणार नाही."

शेठनं काकांचं ऐकलं. ड्रम आले, ब्लोअर रोज चालू लागला. मला मात्र पंधरा दिवसांत तिथून काढून कापड सुकवायच्या मशीनवर टाकलं.

आमच्या मिलचं पाणी नंतर बरंच निवळलं. पण वरच्या अंगाच्या मिलांचे पाइप तसेच वाहत राहिले. एकाच मिलच्या शुद्धीवर येण्यानं खाडी जगत नाही, हे मला फार उशिरा कळलं. सुट्टी झाली की मी भिंतीशी जाऊन बघायचो. काठावरची झुडपं वाळत गेली. कधीतरी दोन-चार बगळे उतरायचे, चिखलात चोच घालून बघायचे आणि उडून जायचे. ती बाई पुढे एका कारखान्यात साड्यांचे धागे कापायला लागल्याचं ऐकलं. मी मिल सोडली त्या वर्षापर्यंत त्या चिखलात मला एकही लेवटा दिसला नाही.