तळवड्याच्या गाळ्यातला फुगा

कंपनीच्या कोपऱ्यात स्क्रॅप जमतं ना, तसे किस्से जमतात. मुद्दाम आणून कुणी टाकत नाही, पण चार महिन्यांनी बघावं तर ढीग! आमच्या फुग्याचंही तसंच झालंय.

फुगा म्हणजे वाढदिवसाचा नव्हे. गरम हवेवर उडणारा, खाली वेताची टोपली असलेला, माणसं घेऊन जाणारा. अशा एका जुन्या फुग्याची आम्ही तिघं राखण करतो. सुधाकरराव टूलरूममधून रिटायर झालेले. तरुणपणी दर रविवारी ते याच फुग्यामागे जीप पळवायचे, कारण फुगा वाऱ्याच्या मर्जीने कुठेही उतरतो आणि मग त्याची घडी घालून त्याला घरी आणावं लागतं. मालक परदेशी गेला, फुगा यांच्या गळ्यात पडला. दुसरा ज्ञानोबा, लातूरकडचा, पेंट शॉपला. आणि मी चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टर.

फुगा ठेवलाय तळवड्यात, बापूंच्या पत्र्याच्या गाळ्यात. बापू जुने गावकरी. शेतं गेली, त्यावर गाळे आले. त्यातला एक त्यांनी आम्हाला असाच वापरायला दिला होता. पण आता एक भाडेकरू मागे लागला. बापूंनी सरळ सांगून टाकलं, "एवढं कापड कशापायी जपायचं, ते मला पटलं पायजे. दिवाळीपत्तुर पटलं न्हाई, तर गाळा मोकळा करा."

गाळा गेला की फुगा भंगारात जाणार, हे सुधाकररावांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

*

घरी का नाही नेत, असं सगळे विचारतात. तेही करून झालंय. सुधाकररावांचा फ्लॅट रावेतला, सातव्या मजल्यावर. टोपली लिफ्टमध्ये मावेना, म्हणून त्यांनी ती पार्किंगमध्ये स्वतःच्या जागेवर ठेवली. आठवड्याच्या आत सोसायटीची नोटीस आली की पार्किंगमध्ये वाहनाशिवाय काहीही ठेवू नये. सुधाकररावांनी लेखी कळवलं की हे वाहनच आहे. सेक्रेटरी खाली उतरले आणि म्हणाले, मग नंबर दाखवा.

"आहे की नंबर," सुधाकरराव म्हणाले. "विमानाला असतो तसलाच. पण तो कापडावर आहे. उलगडू? फक्त सगळ्यांच्या गाड्या बाहेर काढाव्या लागतील."

*

गाळा मिळाला तेव्हा ज्ञानोबाने आम्हाला सरप्राइज द्यायचं ठरवलं. पेंट शॉपचा माणूस, डाग बघवत नाही त्याला. आम्ही शनिवारी गेलो तर हवा तापवायचा बर्नर चकचकीत, आणि टोपली प्रेशरने धुऊन वर वार्निश मारलेली! सुधाकरराव खाली बसले आणि टोपलीच्या बुडावरून हात फिरवत राहिले. तिथे फुगा शेवटचा उतरला त्या शेताची माती होती. इतकी वर्षं त्यांनी ती कुणाला पुसू दिली नव्हती.

ज्ञानोबाचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं घाण हाय, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी सुधाकररावांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही कंपनीवाल्यांना शोभेल असा नियम केला: गाळ्यातलं काहीही साफ करायचं तर तिघांच्या सह्या हव्यात.

तेव्हापासून आमच्याकडे झाडू मारायलासुद्धा तीन सह्या लागतात!

*

मीही काही कमी नाही. कापडावरची ठिगळं पाहिली आणि माझा हात शिवशिवायला लागला. रीतसर इन्स्पेक्शन शीट बनवली. ठिगळाचा नंबर, माप, टाके, आणि शेवटचा रकाना 'दोषाचं कारण'. तो मला भरता येईना, म्हणून सुधाकररावांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ठिगळ हाताने चाचपत लिहीत गेले: बाभूळ. बाभूळ. विजेचा खांब. बाभूळ. लग्नाचा मांडव.

मला राहवेना. विचारलं, मांडवात कसा काय गेला फुगा?

"मालकाला वरून मोकळी जागा तेवढीच दिसली. मांडव नंतर दिसला," ते म्हणाले. "पण माणसं चांगली. जेवल्याशिवाय सोडलं नाही."

*

त्यांच्याकडे एक वही पण आहे. ज्याच्या शेतात फुगा उतरेल त्याला नारळ आणि पेढे द्यायचे, आणि वहीत त्याचं नाव, गाव, सही किंवा अंगठा घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. ती वही पाहिल्यापासून मला चैन पडेना. ही शेतं आता कुठे असतील?

एका सुट्टीला आम्ही तिघं चाकणकडे निघालो. वहीत 'विहीर, दोन आंबे' अशी खूण असलेलं एक शेत विचारत विचारत सापडलं, तर ते एका कंपनीच्या भिंतीआड! सुधाकररावांनी गेटवरच्या सिक्युरिटीला सगळं खरंखरं सांगितलं. आमचा फुगा इथे उतरला होता, ती जागा एकदा बघायचीय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रजिस्टर उघडलं आणि विचारलं की मग तो फुगा परत बाहेर नेताना गेटपास केला होता का.

आत काही सोडलं नाही. पण नोंद मात्र केली. येण्याचं कारण: 'जुनं लँडिंग'. मला ती नोंद फार आवडली.

*

दिवाळी जवळ आली. बापूंना वही दाखवून झाली, ठिगळं दाखवून झाली. ते व्हय व्हय म्हणायचे आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायचे. सुधाकरराव म्हणाले, आता एकच उरलं. कापड जुनं, त्यामुळे उडवायचा प्रश्नच नाही. पण पंख्याने नुसती थंड हवा भरून फुगा जमिनीवर आडवा फुगवता येईल.

रविवारी सकाळी, वारा सुटायच्या आत, गाळ्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर ताडपत्री अंथरली. ज्ञानोबाने मंगल कार्यालयातले दोन मोठे पंखे मागून आणले. कापड आधी नुसतंच सळसळलं. मग मधेच उचललं गेलं, आणि बघता बघता गाळ्याच्या पत्र्याच्याही वर गेलं. मी इतके दिवस ते इंचाइंचाने मोजत होतो, पण फुगा एवढा असेल असं मला वाटलं नव्हतं.

बापू फुग्याच्या तोंडाशी आले आणि आत डोकावले. आत लाल-पिवळा उजेड भरला होता. कापडाला इजा होईल म्हणून सुधाकरराव त्यांना चपलांचं सांगायला पुढे झाले. तोवर बापूंनी आपणहून चपला काढल्या होत्या. त्यांनी टोपी सारखी केली आणि आत गेले. दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. आम्हीही हाक मारली नाही.

तेवढ्यात भाडेकरू गाडीतून उतरला. गाळ्याचं माप घ्यायला आला होता, हातात टेप होती. बापू कुठेत म्हणाला. आम्ही फुग्याकडे बोट दाखवलं. बापू बाहेर आले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे.

"बूट काढा," बापू म्हणाले, "अन् आत जाऊन या."