व्हॅनवरचा शॉवर

पीव्हीसी पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास आला की मला हुडकेश्वरचं बहिणीचं अंगण आठवतं आणि तोंड कडू होतं. भाऊजींनी जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं होतं. ते घेऊन कधी रामटेकपर्यंतही गेले नाहीत, पण मागच्या दाराशी उघड्यावर अंघोळीचा शॉवर मात्र त्यांना हवाच होता. उन्हानं पाणी तापावं म्हणून टपावर जाड काळा पाइप बसवला. गल्लीत बाया टँकरपुढे बादल्या घेऊन उभ्या असताना यांनी घरातलं पाणी त्यात भरलं आणि मे महिन्याच्या भर दुपारी आम्हाला उद्घाटनाला बोलावलं. व्हिडिओसाठी मोबाइल माझ्या हाती दिला आणि आपल्या म्हाताऱ्या वडिलांना उघड्या अंगानं शॉवरखाली उभं केलं. बहीण म्हणाली, "अहो, पाणी उकळून राहिलं असन. आधी हात लावून पाहा." "तुले काय समजते वं यातलं?" म्हणत त्यांनी कॉक फिरवला. तिनं सासऱ्यांना ओढून बाजूला केलं, आणि वाफाळतं पाणी तिच्याच हातावर पडलं. कोपरापर्यंत कातडी लाल झाली. सासरे "पोरी, पोरी" करत राहिले. भाऊजींनी कॉक बंद केला, केस नीट केले आणि मला म्हणाले, "तेवढं कट कर. पुन्हा घेऊ." नातेवाईक आजही त्यांना हौशी माणूस म्हणतात. माझ्याकडे त्यांच्यासाठी दुसरा शब्द आहे, तो मी बहिणीसमोर गिळून टाकते.