उकळलेला टायर

सोमवारी प्रार्थनेच्या आधी वलगावच्या शाळेत हजर, नाहीतर नोकरी दुसऱ्या बाईला. हेडमास्तरांनी तोंडावरच सांगितलं होतं. अमरावतीहून सकाळची बस कधी यायची, कधी नाही. माझी सगळी भिस्त एका सायकलीवर होती. मिशनच्या दवाखान्यातल्या मेमसाहेब मायदेशी जाताना ती माझ्या आईला देऊन गेल्या होत्या. सायकल विलायती, जुनी, देखणी. पण मागचा टायर पार कुजलेला, हात लावला की पापडासारखा मोडायचा. त्यावर नुसतं '२६' वाचता येत होतं.

बाजारातून सव्वीसचा नवा जाडा टायर आणला, तर तो चढेचना. मी चक्रावले. बाबांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. त्यांची उमर बैलगाड्या हाकण्यात गेलेली. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव चाकापेक्षा थोडी लहानच करतात, तापवून चढवतात आणि वर पाणी ओतलं की ती आवळून बसते.

"लहानच पायजे व," बाबा म्हणाले. "तापवल्याबिगर चढन कसा? चूल पेटव."

आणि मी, शिकलेली बाई, मुकाट्यानं घंगाळात पाणी ठेवलं! टायर चांगला उकळला. बाबांनी उलथणं घालून जोर लावला. निम्मा चढला आणि आत काहीतरी कट्‌कन तुटलं. रबराच्या कडेत पोलादी तार असते आणि ती उकळून वाढत नाही, हे तेव्हा कळलं. मला रडूच कोसळलं. बाबांचा राग आला, अन् त्यांचं उतरलेलं तोंड पाहून वाईटही वाटलं.

ते उठून चाकाजवळ जाऊन बसले. मग सुतळी घेऊन रिमच्या आत, टायरची तार जिथं टेकते तिथं, गोल फिरवून त्यांनी गाठ मारली.

"धावेचं माप चाकावरूनच घ्या लागते," ते म्हणाले. "इथं तं हाच मिळते. चाल, अकोल्याले पाहू."

शनिवारी अकोल्याच्या दुकानदारानं पुन्हा तसलाच जाडा टायर काढला. बाबांची सुतळी त्याच्या आतल्या कडेला लावली, तर ती मोठी होऊन लोंबली. वरच्या खुंटीला एक धुळकट टायर होता, सव्वीसचाच, पण बारीक. हा तर आणखी लहान असणार, असं मला वाटलं. सुतळी लावली, तर अगदी बरोबर बसली!

परतीच्या आगगाडीत सारा वेळ मी तेच घोळवत होते. बडनेरा आलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. सव्वीस हे बाहेरचं माप. त्यातून दोन्ही बाजूंची जाडी वजा करायची, म्हणजे टायर जितका बारीक तितकी आतली जागा मोठी. एवढी साधी वजाबाकी! मी एकटीच हसले.

"पाणी ठेवू काय, बाबा?" घरी आल्यावर मी विचारलं. ते हसले नाहीत. टायर नुसत्या अंगठ्यांनी चढला, तरी त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता.

सोमवारी उठले तर बाबा घरात नव्हते. अर्ध्या वाटेवर ते दिसले, वलगावच्या दिशेनं पायी चाललेले, हातात शेजाऱ्याचा पंप. मी ब्रेक दाबणार तोच ते ओरडले,

"थांबू नको! घंटी होऊन राह्यली असन. जाय!"

पुढं जाऊन मी वळून पाहिलं. बाबा माझ्याकडं बघतच नव्हते. मागच्या चाकावर नजर लावून ते जमेल तेवढं पळत होते.